कोर्लईची ‘नौ लिंग’
खाडीकाठच्या एका चिमुकल्या ख्रिस्ती वस्तीची हकीकत

बेळगावच्या खडेबाजारात घटकाभर उभे राहून कान दिला, तर दहा पावलांच्या अंतरात मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू अशा चार भाषा ऐकू येतात. आपल्या बाजूच्या ख्रिस्ती कुटुंबांना तर एका छपराखाली दोनतीन भाषा नांदविण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. चुलीपाशी कोकणी, देवळात मराठी, कचेरीत कन्नड, मुलाच्या दप्तरात इंग्रजी. ह्यात आपणांस नवल असे काही वाटत नाही. परंतु ह्याच पश्चिम किनाऱ्यावर, गोव्याच्या बऱ्याच उत्तरेस, एक लहानसे ख्रिस्ती गाव असे आहे की तेथील शेतकरी आपल्या बायकोमुलांशी ज्या बोलीत बोलतो ती बोली त्या गावच्या शिवेपलीकडे कोणास कळत नाही. शेजारच्या गावास ती परकी, मुंबईस परकी, आणि ज्या लोकांच्या भाषेपासून ती निपजली त्या पोर्तुगालच्या रहिवाशासही ती सहजासहजी उमगत नाही. ह्या गावाचे नाव कोर्लई. त्या बोलीस तेथील लोक ‘नौ लिंग’ म्हणतात. येथे ‘लिंग’ हा मराठी शब्द नव्हे, तर जीभ किंवा भाषा ह्या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाचा तो झिजलेला अवशेष होय. ‘नौ लिंग’ म्हणजे ‘आमची भाषा’. ती बोलणाऱ्यांची संख्या सुमारे एक हजार सांगतात. आपल्याकडील एखाद्या मोठ्या फेस्तास ह्याहून अधिक माणसे जमतात.

एवढीशी वस्ती, पाठीशी ना राजा ना पैसा, आणि तरीही पावणेतीनशेहून अधिक वर्षे तिने आपली बोली आणि आपली श्रद्धा सांभाळली. हे कसे घडले, आणि पुढे घडत राहील काय, हा प्रश्न तीन भाषांच्या तिठ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना जवळचा वाटावा असाच आहे.

प्रथम गावाची जागा पाहू. कारण कोर्लईचा इतिहास निम्मा तिच्या भूगोलातच आहे. सह्याद्रीत उगम पावणारी कुंडलिका नदी कोलाड आणि रोहा ह्या गावांवरून वाहत येऊन रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी खाडी रुंद झाली आहे. खाडीच्या उत्तर काठावर रेवदंडा व त्यास लागून प्राचीन चौल. दक्षिण काठावर, रेवदंड्याच्या समोर, एक लांबट डोंगर समुद्रात शिरलेला आहे. त्याच्या तीन बाजूंस पाणी आणि एका बाजूस सखल जमिनीची चिंचोळी पट्टी. पोर्तुगीज लोक ह्या डोंगरास ‘चौलचा मोर्रो’ म्हणत. मोर्रो म्हणजे टेकडी. उंची सुमारे शंभर मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीतील गडांच्या मानाने काहीच नव्हे. परंतु माथ्यावर उभ्या राहणाऱ्या गोलंदाजास चौल बंदरात शिरणारे प्रत्येक गलबत पायाखाली दिसावे अशी ती मोक्याची जागा आहे. डोंगराच्या माथ्यावर किल्ला, समुद्राच्या अंगास दीपगृह, आणि पायथ्याशी, वाऱ्याच्या आडोशास, कोर्लई गाव. अलिबागेहून दक्षिणेस मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे वीस किलोमीटरांवर हे ठिकाण येते. आज ते रायगड जिल्ह्याच्या मुरुड तालुक्यात आहे. १९८१ पूर्वी ह्याच जिल्ह्यास कुलाबा म्हणत.

गावात ख्रिस्ती लोकांप्रमाणे कोळी बांधवांचीही वस्ती आहे. कोळ्यांचा संसार होड्यांवर आणि जाळ्यांवर. ख्रिस्ती लोकांचा मात्र बहुतांशी जमिनीवर. पावसाळ्यात भात, पाऊस सरल्यावर भाजीपाला, आणि जेथे गोडे पाणी असेल तेथे नारळीपोफळी. म्हणजे समुद्र उशाशी असूनही हे लोक मुख्यतः शेतकरी. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तीच त्यांच्या कहाणीचा कणा ठरली.

चौल हे फार जुने बंदर. शिलाहारांच्या काळी त्यास चेमूल म्हणत. घोडे, कापड, रेशीम, मसाले ह्यांच्या व्यापारामुळे अरबस्तान आणि आफ्रिकेपर्यंत त्याचे नाव गेले होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी ते अहमदनगरच्या निजामशाहीत मोडत होते आणि पोर्तुगीज आरमाराचा डोळा त्यावर होता. १५०८ साली ह्याच बंदरात पोर्तुगीजांची ईजिप्त व गुजरात येथील आरमारांशी लढाई होऊन व्हाइसरॉयचा तरुण मुलगा दों लोरेंसो द आल्मेदा मारला गेला. पुढे १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने पोर्तुगीजांनी रेवदंड्यास कोट बांधावयास घेतला. कोटाच्या आत हळूहळू एक शहरच उभे राहिले. तेथे कॅथीड्रल होते, फ्रान्सिस्कन, दोमिनिकन व येशूसंघीय ह्यांची मठमंदिरे होती; संत फ्रान्सिस झेवियर तेथे येऊन गेले होते. त्या वैभवापैकी आज उंच बुरूज, पडक्या भिंती आणि नारळीच्या बागांत लपलेल्या कमानी तेवढ्या शिल्लक आहेत. रेवदंड्याचा ‘सातखणी’ नावाचा मनोरा अजूनही दुरून दिसतो.

समोरचा कोर्लईचा डोंगर मात्र बराच काळ मोकळा होता. १५९४ साली दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने तेथे फौज ठेवून तटबंदी उभारली आणि चौलच्या नाकाशी तोफा रोखल्या. पोर्तुगीजांनी त्याच वर्षी निकराचा हल्ला करून ती जागा जिंकली. पळणाऱ्या सैनिकांना दरवाजा लावून घेता आला नाही, कारण उंबरठ्यातच मेलेला हत्ती आडवा पडला होता, असे सांगितले जाते. पुढे पोर्तुगीजांनी किल्ला पक्का केला. जुन्या गॅझेटियरात त्याची लांबी २,८२८ फूट आणि सरासरी रुंदी अवघी ८९ फूट दिली आहे. डोंगराच्या कण्यावर दगडी पट्टा बांधावा तसा तो दिसतो. बुरुजांना संतांची नावे दिलेली होती. आत एक देऊळ होते, त्याच्या भिंती आज बिनछपराच्या उभ्या आहेत. एका दरवाजावर तर ‘लढल्यावाचून आत येणे नाही’ अशा आशयाचा पोर्तुगीज लेख होता. संतांची नावे आणि हा लेख एकाच तटावर असणे त्या काळच्या राज्यकर्त्यांना विसंगत वाटले नसावे, आपणांस वाटते.

ह्या कोटांच्या सावलीत जी माणसे एकत्र आली ती नाना प्रकारची होती. पोर्तुगालहून आलेले शिपाई; त्यांनी येथेच केलेल्या बायका; आफ्रिकेतून आणलेले गुलाम; आसपासच्या गावांतील कोळी, कुणबी, मजूर; बाप्तिस्मा घेतलेली आणि न घेतलेली. गोऱ्या धन्याची पोर्तुगीज एक, तिच्यातले कानावर पडतील तेवढे शब्द घेऊन कामकरी माणसाने आपल्या मराठीच्या चालीने गुंफलेली बोली दुसरी. पहिल्या पिढीस ती केवळ सोयीची बोली असेल. दुसऱ्या पिढीतील मुलांच्या कानांवर पाळण्यातच ती पडली, आणि तेव्हा ती त्यांची मातृभाषा झाली. असा प्रकार मुंबई, साष्टी, वसई, दमण, दीव, कोची, लंका अशा पुष्कळ ठिकाणी झाला. दमणपासून चौलपर्यंतच्या पट्ट्यास पोर्तुगीज लोक ‘उत्तर’ म्हणत. त्या उत्तरेच्या मिश्रबोलीवर आपल्याच एका धर्मगुरूने १९०६ साली ग्रंथ लिहिला. ते गोव्यातील आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगाद, जन्म १८५५ चा. कोकणी, संस्कृत, कन्नड, बंगाली अशा अनेक भाषा त्यांस अवगत होत्या. काही वर्षे ते कारवारच्या दक्षिणेस होन्नावर येथेही कामावर होते. उत्तर आयुष्य त्यांनी लिस्बनला काढले व १९२२ साली तेथेच ते निवर्तले. मोठमोठे पंडित ज्या बोलीस ‘मोडकी पोर्तुगीज’ म्हणून हसत, तिची त्यांनी वहीपेन्सिल घेऊन आदराने नोंद केली, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी अशी आहे.

आता १७३९ सालाकडे येऊ. त्या वर्षी चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई घेतली हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्याच मोहिमेत कोर्लईच्या किल्ल्यालाही वेढा पडला. वसई गेल्यावर उत्तरेत पोर्तुगीजांचे पाय उरले नाहीत आणि १७४० च्या तहानुसार चौल, रेवदंडा व कोर्लई मराठ्यांच्या हाती आली. किल्ल्यावरील संतांच्या नावाचे बुरूज गणेश बुरूज, पवन बुरूज झाले. १५२१ पासून मोजले तर दोनशे एकोणीस वर्षांचा पोर्तुगीज अंमल तेथे संपला.

राज्य बदलले की माणसे दोन प्रकारे वागतात. ज्यांच्याजवळ पैसा, पद किंवा गोव्यात नातेवाईक होते त्यांनी गलबते धरली. अधिकारी गेले, व्यापारी गेले, मठवासी गेले. भरभराटीचे रेवदंडा शहर थोड्याच काळात ओसाड झाले. उरला तो कुळवाडी ख्रिस्ती माणूस. त्याची सगळी दौलत म्हणजे भाताची खाचरे. ती गलबतावर चढविता येत नाहीत. शिवाय गोव्यात जाऊन त्यास कोण विचारणार होते? तो कोर्लईच्या पायथ्याशी राहिला. इतिहासाच्या पुस्तकांत जाणाऱ्यांची नोंद सविस्तर असते, राहणाऱ्यांची एका ओळीत आटोपते. परंतु ज्या पोर्तुगीज भाषेसाठी राजाने आरमार पाठविले, किल्ले बांधले, कॅथीड्रल उभारले, ती ह्या किनाऱ्यावर टिकविली ती ह्या राहिलेल्या, निरक्षर, अनवाणी शेतकऱ्यांनी. तटबंदी ढासळली, बोली राहिली.

गावातील देऊळ कार्मेल पर्वताच्या पवित्र मातेस वाहिलेले आहे. कार्मेल मातेचा सण जुलैच्या १६ तारखेस येतो हे आपण जाणतोच. ऐन लावणीचे दिवस, खाडीला उधाण, चहूकडे चिखल. अशा गावाने पर्वतवासिनी मातेस आपली पालक मानावे ह्यात काही योजना असेल वा नसेल, पण पाठीशी डोंगर असलेल्या गावास ती शोभते खरी.

मूळ प्रश्न असा की, वसई, साष्टी, मुंबई येथील ख्रिस्ती लोकांच्या तोंडून ही मिश्रबोली काळाच्या ओघात गेली, मग कोर्लईतच ती का राहिली? अभ्यासकांनी दिलेली कारणे दोन आहेत. पहिले कारण भूगोलाचे. उत्तरेस रुंद खाडी. रेवदंड्यास जावयाचे तर होडीची वाट पाहावी लागे, आणि पावसाळ्यात तीही बेभरवशाची. पश्चिमेस डोंगर आणि समुद्र. दक्षिणेस जंजिऱ्याच्या सिद्दीचे संस्थान, तेथे ख्रिस्ती वस्ती नाही. पूर्वेस खाजण, तिवरांची राने आणि डोंगर. बाहेरच्या ख्रिस्ती माणसाशी रोजची उठबस होण्याचा संभवच नव्हता.

दुसरे कारण सांगताना लेखणी अडखळते, परंतु ते झाकणे बरे नव्हे. कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांचे पूर्वज बहुतेक खालच्या मानलेल्या जातींतून आलेले. त्यामुळे गावातील इतर समाजांशी त्यांचा रोटीबेटी व्यवहार नव्हता तो नव्हताच, पण अन्य ठिकाणच्या उच्चकुलीन म्हणविणाऱ्या ख्रिस्ती घराण्यांनीही त्यांच्याशी सोयरिकी केल्या नाहीत. एकाच पवित्र ताटातून ख्रिस्तशरीर घेणाऱ्यांनी एकमेकांच्या मुली मात्र घेऊ नयेत, हा आपल्या समाजाचा जुना रोग. त्या भिंतीमुळे लग्ने गावातल्या गावात झाली. आई त्याच बोलीची, बाप त्याच बोलीचा, आजीही त्याच बोलीची. मुलाने दुसरे काय बोलावे? म्हणजे ज्या अन्यायाने त्यांना एकटे पाडले, त्याच एकटेपणात त्यांची भाषा जिवंत राहिली. ह्याने अन्यायाचे पुण्य होत नाही. तरी घडले ते असे घडले.

‘नौ लिंग’चा बांधा मोठा मनोरंजक आहे आणि मराठी माणसास तो चटकन समजण्याजोगा आहे. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज कुळातले. पण वाक्याची घडण आपल्या मराठीची. पोर्तुगीज माणूस ‘पेद्रू खातो भात’ अशा क्रमाने बोलतो. कोर्लईचा माणूस शब्द पोर्तुगीज वळणाचे घेतो, परंतु त्यांस ‘पेद्रू भात खातो’ ह्या क्रमाने उभे करतो, क्रियापद शेवटी. पोर्तुगीजमध्ये ‘घर पेद्रूचे’ अशी मांडणी असते व संबंध दाखविणारा शब्द नावाच्या आधी येतो. कोर्लईच्या बोलीत ‘सु’ हा प्रत्यय नावाच्या मागे लागतो, जसा आपला ‘चा-ची-चे’. पोर्तुगीज विशेषणांची स्त्रीलिंगी-पुल्लिंगी रूपांची किचकट खटपटही तिने बहुतेक टाकून दिली. सर्वांत गमतीची गोष्ट क्रियापदांची. पोर्तुगीज क्रियापदांचे आकारान्त, एकारान्त, इकारान्त असे तीन वर्ग ह्या बोलीत उतरले आहेत. मराठीतून घेतलेल्या क्रियापदांसाठी तिने चौथाच एक वर्ग निर्माण केला. त्यांच्या अखेरीस ‘ऊ’ येतो. पाहुण्याला घरात घ्यावे, पण त्याच्यासाठी वेगळी खोली राखावी, तसा हा प्रकार झाला. अशी बेमालूम व्यवस्था ज्या बोलीत आहे तिला मोडकी म्हणणाऱ्याचेच व्याकरण कच्चे म्हटले पाहिजे.

आणि आपण तरी तिला परकी का म्हणावे? चावी, बादली, घमेले, पगार, लिलाव, तुरुंग, बटाटा, काजू हे सारे शब्द त्याच गलबतांतून आपल्या मराठीत उतरले. निपाणीचा सगळा व्यवहार ज्या तंबाखूवर उभा राहिला, तिचे रोप आणि तिचे नाव ही दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आली. फरक एवढाच की, आपण मराठीच्या सांगाड्यावर चार पोर्तुगीज शब्द चढविले, आणि कोर्लईकरांनी पोर्तुगीज शब्दांच्या खाली मराठीचा सांगाडा घातला. उलट दिशेचा प्रवासही आपल्या इतिहासात आहे. इंग्लंडात जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी येथली भाषा इतकी आत्मसात केली की, १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत छापले गेले. भाषांची देवघेव ही आपल्या धर्मेतिहासातील नवी गोष्ट नव्हे.

येथवर कोर्लईची कहाणी टिकण्याची झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला वळण लागले, आणि ते कोणा शत्रूमुळे नव्हे, तर चांगल्याच गोष्टींमुळे.

पूर्वी तेथे येणारे धर्मगुरू बहुधा गोव्याचे, पोर्तुगीज जाणणारे. मिस्सा लॅटिनमध्ये, पण प्रार्थना आणि उपदेश पोर्तुगीजमध्ये होत. ती पुस्तकी पोर्तुगीज गावच्या बोलीहून निराळी, तरी शब्दांची ओळख पटावी इतकी जवळची. देवळात जे ऐकावे त्याचेच ओळखीचे रूप घरी बोलावे, असा दोहोंना एकमेकींचा आधार होता. १९६० नंतरच्या दशकात हा आधार सुटला. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीसंबंधीचा आपला दस्तऐवज जाहीर केला व लोकभाषेत उपासना करण्याचा मार्ग मोकळा झाला. सर्व खेडोपाडी आनंद झाला, आणि तो योग्यच होता. ज्या आजीबाईंनी सारा जन्म न कळणारे लॅटिन ऐकले, त्यांना प्रथमच वेदीवरील शब्द कळू लागले. कोर्लईतही लोकभाषा आली. पण ती कोणती? मुंबई महाधर्मप्रांताच्या त्या भागातील लोकभाषा म्हणजे मराठी. म्हणून कोर्लईच्या देवळात मराठी आली.

येथे दोष कोणाचा काढावयाचा नाही. ‘नौ लिंग’ला स्वतःची लिपी नव्हती, छापील प्रार्थनापुस्तक नव्हते, बाहेरून येणाऱ्या धर्मगुरूस ती शिकावयास वेळ कोठून मिळणार? मराठी तर गावातील सर्वांना येतच होती. शेतमाल विकताना, कचेरीत, कोळीवाड्यात तीच चाले. तरीही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पेन्तेकोस्ताच्या दिवशी निरनिराळ्या देशांच्या लोकांनी प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकले असे आपण दरवर्षी वाचतो. लोकांना त्यांची भाषा देताना हजार माणसांची भाषा गणतीत धरावयाची की नाही, ह्याचे उत्तर सोपे नाही. आपल्या बेळगाव धर्मप्रांताची स्थापना १९५३ साली झाली, तेव्हापासून कोकणी, मराठी, कन्नड ह्यांपैकी कोणत्या देवळात कोणती भाषा, ह्या प्रश्नाशी आपली गाठ पडत आली आहे. आपल्या ह्या तिन्ही भाषांना लिपी आहे, ग्रंथ आहेत, लाखोंनी बोलणारे आहेत. म्हणून आपले भांडण निदान ऐकू येते. कोर्लईकरांचा आवाज रेवदंड्याच्या धक्क्यापर्यंतसुद्धा पोहोचला नसता.

दुसरे वळण पुलाचे. १९८६ साली कुंडलिकेवर रेवदंडा आणि साळाव ह्यांना जोडणारा पूल झाला. होडीची वाट पाहण्याचे दिवस संपले. आजाऱ्यास अलिबागेस नेणे सोपे झाले, भाजी बाजारात ताजी जाऊ लागली, मुलांना माध्यमिक शिक्षण हाताशी आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत साळाव येथे लोखंडाचा मोठा कारखाना उभा राहिला. नोकऱ्या आल्या, बाहेरची माणसे आली. खाचरात राबणाऱ्या बापाचा मुलगा महिन्याचा पगार आणू लागला. पूल नको होता असे म्हणण्यास कोर्लईत कोण तयार होईल? मात्र त्याच पुलावरून मराठी आणि इंग्रजी शाळा गावात आली आणि तरुणतरुणी मुंबईस गेली. लग्नेही बाहेर होऊ लागली. जातीच्या भिंतीस भगदाड पडले ही समाधानाचीच गोष्ट होय. परंतु बाहेरून आलेल्या सुनेस ‘नौ लिंग’ येत नाही. ती मुलास आपल्या भाषेत निजवते, आणि घराची भाषा एका पिढीत बदलते. आपल्याकडेही कोकणी घरात मराठी सून आली किंवा मराठी घरात कन्नड शाळा शिरली की काय होते, ते वेगळे सांगावयास नको.

ह्या धोक्याचे स्वरूप कोचीजवळच्या वायपीन बेटावर दिसून आले. तेथेही अशीच एक पोर्तुगीज मिश्रबोली चारशेहून अधिक वर्षे चालली होती. बोलणारे घटत घटत अखेर एकच वृद्ध गृहस्थ उरले, आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या निधनाबरोबर ती भाषाही मातीत गेली. कोर्लईची स्थिती तशी नाही. तेथे अद्याप घराघरांतून बोली चालते. दमण आणि दीव येथेही अशाच बोली बोलणारे ख्रिस्ती लोक आहेत. परंतु त्या दोन्ही ठिकाणी पोर्तुगीज राज्य १९६१ पर्यंत होते आणि पोर्तुगीज शाळा होत्या. कोर्लईस १७४० नंतर राज्याचा आधार नव्हता. ह्या दृष्टीने तिची गोष्ट अगदी निराळी आहे.

जगाने कोर्लईची दखल घेतली ती उशिरा. १९७० च्या सुमारास रुमानियाचे विद्वान लाउरेंत्सिउ तेबान ह्यांनी तिच्याविषयी लिहिले. त्यानंतर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे प्राध्यापक क्लेमेंट्स ह्यांनी गावात राहून वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९९६ साली ह्या एकाच बोलीवर एक संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील मक्याच्या शेतांनी वेढलेल्या विद्यापीठातून एक माणूस येतो आणि आपल्या खाडीकाठी बसून म्हाताऱ्यांची गाणी व गोष्टी टिपून घेतो. आणि आपणांपैकी किती जणांना हे गाव नकाशावर दाखविता येईल? आपल्या गावांतील जुन्या कोकणी प्रार्थना, लग्नातील ओव्या, म्हाताऱ्यांना पाठ असलेली लदीन ह्यांची वही तरी कोणी घातली आहे काय, असे त्यामुळे सहज मनात येते. त्यासाठी प्राध्यापकाची गरज नाही. साक्षर नातीची पुरे.

कोणास उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे जावेसे वाटले तर बेळगावहून पुणेमार्गे किंवा कोकणातून अलिबाग गाठावे. तेथून मुरुडकडे जाणारी एस. टी. रेवदंड्यावरून पूल ओलांडून पुढे जाते. पुलावरूनच उजवीकडे, खाडीच्या मुखाशी, मगरीच्या पाठीसारखा तो डोंगर दिसू लागतो. किल्ल्यावर सकाळीच चढावे. दुपारी दगड तापतात. वर पोहोचल्यावर एका हातास समुद्र, दुसऱ्या हातास खाडी, समोर रेवदंड्याचे माड आणि त्यांतून डोके काढणारे पडके बुरूज. रविवार असेल तर खाली उतरून कार्मेल मातेच्या देवळात मिस्सा ऐकावी. ती मराठीत असते, आपणांस शब्द नि शब्द कळेल. मिस्सा आटोपून माणसे बाहेर अंगणात येतात, म्हाताऱ्या एकमेकींची खुशाली विचारू लागतात, आणि तेव्हा मात्र आपणांस काही कळत नाही.